पायातलं हाड

माझ्या उजव्या जबड्यात माझ्या डाव्या पायाचं हाड आहे. हे सांगितलं की माणसं आधी माझ्या तोंडाकडे बघतात, मग हनुवटीखालून कानाकडे गेलेल्या व्रणाकडे, आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "मिशरी लावत होता का हो?" असं बायका विचारतात. पुरुष नुसतं "तंबाखू?" एवढंच म्हणतात. पायाकडे कुणी बघत नाही. तो खाकी सलवारीखाली झाकलेला असतो हे खरं, पण उघडा असता तरी कुणी बघितलं असतं असं मला वाटत नाही.

मिशरी मी कधी लावली नाही. आमच्या सासूबाई लावतात, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही लावतात आणि त्यांचा जबडा शाबूत आहे. यावरून कुणी भलता अर्थ काढू नये. मी ज्या वॉर्डात पडून होते तिथल्या बहुतेक खाटांवर मिशरीनं, गुटख्यानं तोंड गेलेली माणसं होती. मला झालं ते वेगळं.

मी एसटीत वाहक आहे, कराडला. २०२१च्या दिवाळीत आमचा संप सुरू झाला तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. घरी बसून होते म्हणून उजव्या गालाखालचा फुगवटा हाताला लागला. दुखत काहीच नव्हतं. खालची दाढ मात्र जिभेनं ढकलली की हलायची. घरात पगार येत नव्हता, तेव्हा जे दुखत नाही त्याच्यावर खर्च करायचा प्रश्नच नव्हता. संप मिटला, पहिला पगार हातात पडला, मग दातांच्या डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, दाढ काढून टाका. त्यांनी आधी अख्ख्या जबड्याचा एक्स-रे काढायला लावला, ओपीजी म्हणतात तो. फिल्म उजेडासमोर धरली आणि दाढेला हातच लावला नाही. हाडात लहान-मोठे गोल पोकळ कप्पे दिसत होते. तुकडा तपासायला पाठवला. उत्तर आलं, अमेलोब्लास्टोमा.

दाताचं इनॅमल ज्या पेशींपासून तयार होतं त्यांच्या गोतावळ्यातली ही गाठ. कॅन्सर नाही. पुण्याच्या सर्जननी हे सांगितल्याबरोबर आमचे हे खुर्चीतून उठलेच. सर म्हणाले, "बसा. कॅन्सर नाही, पण ही हाड खात जाते. नुसती खरवडून काढली तर पुष्कळदा परत येते. आजूबाजूचं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर चांगलं हाड धरून जबड्याचा तो भागच कापावा लागेल."

"मग तिथं काय राहणार?" मी विचारलं.

सर टेबलामागून उठून आले, माझ्या खुर्चीपाशी खाली बसले आणि गुडघ्याखाली, पायाच्या बाहेरच्या अंगाला बोटानं दाबलं. "इथलं हाड तिथं जाईल."

पायात दोन हाडं असतात हे शाळेत कधीतरी शिकले होते. पुढचं जाड हाड शरीराचा भार घेतं. बाहेरच्या बाजूचं बारीक, फिब्युला, भार फारसा घेत नाही. त्याचा वरचा तुकडा गुडघ्याजवळच्या मज्जातंतूसाठी आणि खालचा घोट्याच्या मजबुतीसाठी जागच्या जागी ठेवायचा, मधलं काढायचं. त्या हाडाला स्वतःची रक्तवाहिनी असते, तीही हाडाबरोबर उचलायची आणि मानेतल्या रक्तवाहिनीला जोडायची. म्हणजे हाड मेलेलं जात नाही, जिवंत जातं. नुसती धातूची प्लेट लावून चालणार नाही का, असं ह्यांनी विचारलं. चालेल, पण काही वर्षांनी ती तुटते किंवा कातडीतून बाहेर येते, आणि तिच्यावर दात बसवता येत नाहीत, असं उत्तर मिळालं.

माझ्या डोक्यात दात नव्हतेच. मी म्हटलं, "सर, मला नोकरीत उभं राहायचं असतं. चालत्या गाडीत."

"राहाल," ते म्हणाले. आणखी काही म्हणाले नाहीत.

पुढे तपासण्या झाल्या. त्यांतली पायाची महत्त्वाची. पावलाकडे तीन रक्तवाहिन्या जातात. काही माणसांचं पाऊल मुख्यतः फिब्युलाजवळच्या वाहिनीवरच जगत असतं. अशा माणसाचं हे हाड काढता येत नाही, काढलं तर पाऊलच धोक्यात येतं. माझ्या तिन्ही ठीक होत्या. स्कॅनवरून माझ्या जबड्याचा प्लास्टिकचा नमुना करून आणला होता, त्यावर टायटॅनियमची प्लेट आधीच वाकवून ठेवायची म्हणजे ऑपरेशनमध्ये वेळ वाचतो. तो नमुना सरांनी माझ्या हातात दिला. स्वतःचा जबडा हातात धरून बसण्याचा योग किती जणांना येत असेल! पैशांची जुळवाजुळव ही एक वेगळी कथा आहे, ती इथे नको.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते संध्याकाळ होऊन गेल्यावर संपलं. मला त्यातलं अर्थातच काही माहीत नाही, सगळं नंतर ऐकलेलं. एकाच वेळी दोन टोळ्या काम करत होत्या, एक तोंडापाशी आणि एक पायापाशी. जबड्याचा तुकडा निघाला, पायाचं हाड निघालं. सरळ हाडाला जबड्याचा कोपरा यावा म्हणून त्याची पाचर काढून दोन तुकडे केले आणि प्लेटवर स्क्रूनं बसवले. हाडाबरोबर पायाची थोडी कातडीही आली होती, ती तोंडात आतून शिवली. आणि मग मायक्रोस्कोपखाली दोन-अडीच मिलिमीटरची धमनी मानेतल्या धमनीला, शीर शिरेला. त्यासाठी वापरतात तो धागा केसापेक्षा बारीक असतो.

शुद्धीवर आले तेव्हा गळ्याला भोक होतं, नाकातून नळी पोटात गेलेली, पाय फळीवर बांधलेला. बोलता येत नव्हतं. हातात पाटी-पेन्सिल दिली. मानेला काहीही बांधायचं नाही, ही तिथली सक्त शिस्त. गळ्यातली नळीसुद्धा नाडीनं न बांधता टाके घालून बसवली होती, कारण नाडीचा दाब नव्या शिरेवर पडला तर रक्त अडतं. मंगळसूत्र आधीच काढून ह्यांच्या खिशात गेलं होतं. नणंद भेटायला आली आणि मोकळा गळा बघून तिचा चेहरा पडला. मी पाटीवर लिहिलं, "डॉक्टरांनी सांगितलंय." उशी कशी, मान कुठल्या बाजूला, सगळं ठरलेलं. खोली गार करायची नाही. चहा-कॉफी नाही, आणि बिडी-सिगारेट ओढून आलेल्यांनी जवळ यायचं नाही, कारण तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात.

दर तासाला सिस्टर यायच्या. टॉर्च मारून तोंडातल्या त्या कातडीचा रंग बघायच्या, बोट लावून ऊब बघायच्या, पेनासारखं एक यंत्र टेकवून आतल्या रक्ताचा आवाज ऐकायच्या, मधूनच बारीक सुई टोचून थेंब बघायच्या. थेंब लालभडक आणि जरा वेळानं आला की त्यांचा चेहरा सैल व्हायचा. कातडी पांढरी पडली तर रक्त येत नाहीये, निळी पडली तर रक्त परत जात नाहीये. आतल्या हाडाला काय झालंय ते दिसायचा दुसरा मार्ग नाही, म्हणून ती कातडी. मला ती टोचलेली कळत नव्हती. माझ्याच तोंडात माझीच कातडी, आणि तिच्याविषयी मला सिस्टरकडून समजायचं.

दुसऱ्या रात्री टॉर्च नेहमीपेक्षा जास्त वेळ तोंडात राहिली. सिस्टर नांदेडकडच्या होत्या, एरवी बोलक्या. त्या काही बोलल्या नाहीत, सुई टोचली. थेंब लगेच आला आणि काळपट आला. त्यांनी फोन लावला. एक ज्युनिअर डॉक्टर धावत आली, मग सर आले, आणि थोड्याच वेळात मी पुन्हा ऑपरेशन थिएटरच्या दिव्याखाली होते. शिरेत गुठळी झाली होती. ती काढून शीर नव्यानं जोडली. पहिल्या दोन-तीन दिवसांत असं होऊ शकतं, आणि ते किती लवकर ध्यानात येतं यावर सगळं अवलंबून असतं. सकाळपर्यंत थांबलं असतं तर पायाचं हाडही गेलं असतं आणि जबडाही. सर्जनचं नाव सगळे विचारतात. त्या सिस्टरची ड्युटी बदलली तेव्हा मी पाटीवर तिचं नाव विचारून घेतलं.

वॉर्डात आल्यावर शेजारच्या खाटेवर बीडकडचे एक काका होते. गालाचा कॅन्सर. त्यांना पायाचं हाड नव्हतं बसवलं, छातीचा स्नायू कातडीसकट उचलून, मानेच्या कातडीखालून वर नेऊन तोंडात शिवला होता. त्याची मुळं छातीतच ठेवलेली, त्यामुळे रक्तवाहिन्या जोडायची भानगड नाही, ऑपरेशन लवकर उरकतं. त्यांच्या गालात छातीचे केस उगवणार होते, हे ज्युनिअर डॉक्टरनं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. पुढे किरणं घ्यावी लागतात, त्यानं ते बरेचसे जातात म्हणे. माझ्याही तोंडात नंतर पायाचे दोन-चार केस उगवले. ते जिभेला लागायचे. डॉक्टर चिमट्यानं काढून द्यायचे.

तिथं सगळे एकमेकांना "कितवी स्टेज?" असं विचारत. सुरुवातीला मी पाटीवर "कॅन्सर नाही" असं ठळक लिहून दाखवायचे. काकांच्या बायकोनं ते वाचलं आणि म्हणाली, "बरं झालं बाई." नंतर ती पाटी मी पुसून टाकली ती पुन्हा लिहिली नाही. कुणी विचारलं तर हातानं "ठीक आहे" करायचे. गुटख्यावर आपल्याकडे २०१२ सालापासून बंदी आहे. आमच्या गाड्यांच्या खिडक्यांखालचे लाल ओघळ बघून ते कुणाला पटणार नाही, आणि त्या वॉर्डात तर नाहीच नाही.

ती ज्युनिअर डॉक्टर लातूरची. मी एसटीत आहे हे कळल्यावर ड्रेसिंग करताना म्हणाली, "ताई, ही सर्जरी जगाला माहीत झाली ती तुमच्याच खात्यातल्या माणसामुळं." मग तिनं कावसजीची गोष्ट सांगितली. टिपूबरोबरच्या १७९२च्या लढाईत इंग्रज फौजेत बैल हाकणारा मराठा गडी. टिपूच्या ताब्यात सापडला, तिथं त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं कपाळाची कातडी सोडवून, भुवयांच्या मध्ये तिचा देठ तसाच ठेवून, ती खाली वळवली आणि त्याला नवीन नाक बसवलं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं. १७९४ साली लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ते चित्रासकट छापून आलं, आणि १८१४मध्ये कार्प्यू नावाच्या सर्जननं लंडनमध्ये तसंच नाक करून दाखवलं. बैलवाल्याचं नाव त्या पत्रात आहे, विटा पाडणाऱ्याचं नाही. शेजारचे काका हे सगळं ऐकत होते. त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि मग गालावर. देठाचा हिशेब त्यांना माझ्याआधी कळला होता. देठ तोडून, रक्तवाहिनी जोडून, पायाच्या हाडाचा जबडा करण्याची पद्धत मात्र १९८९मध्ये न्यूयॉर्कच्या हिडाल्गो नावाच्या सर्जननं मांडली. मी तेव्हा पहिलीत होते.

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं. ऑपरेशन एका दिवसाचं, पण तोंड वापरायला शिकणं महिनोन्‌महिने चालतं. जबडा कापताना आतली संवेदनेची शीर गेली, त्यामुळे उजवीकडचा खालचा ओठ बधिर. पेज ओघळली तरी कळत नाही. ओठावर भाताचं शीत चिकटलेलं असलं की हे समोर बसून स्वतःच्या ओठाला हात लावायचे आणि मी पुसायचे. ही आमची खूण अजून चालू आहे. सुरुवातीला मी आरसा घेऊन जेवायचे. लहानीनं एकदा विचारलं, "आई, तू नटतेस का जेवतेस?" भाकरी दुधात कुस्करून, डावीकडून. तोंडातल्या कातडीला गरम-गार समजत नाही, त्यामुळे चहा आधी डाव्या बाजूनं चाखायचा.

बोलणं शिकवणाऱ्या मॅडमनी प, फ, ब, भ, म यांवर बोट ठेवलं. दोन्ही ओठ घट्ट मिटल्याशिवाय ही अक्षरं येत नाहीत, आणि माझा ओठ उजव्या कोपऱ्यातून हवा सोडत होता. घरी सरावाला शब्द लिहून आणा म्हणाल्या. मी माझ्या लाइनचे थांबे लिहून नेले. मल्हारपेठ, पाटण, कुंभार्ली, पोफळी, चिपळूण. कराड आणि कोयनानगर तेवढे सुटले. मॅडम हसल्या, म्हणाल्या, तुमच्यासाठी वेगळा तक्ता करायची गरजच नाही. ओठाचा कोपरा बोटानं दाबून "पोफळी, पोफळी" म्हणत मी स्वयंपाकघरात फिरायचे. सासूबाईंना वाटायचं, मला सुपारी हवी आहे.

आणि पाय. माझं अर्धं दुखणं तिथं होतं, पण घरी आलेला प्रत्येक पाहुणा तोंडाकडे बघून चुकचुकायचा आणि जायचा. घोट्यापासून वर गेलेला लांब व्रण, मध्ये मांडीची कातडी लावलेला चौकोन. पायाचा अंगठा खाली वळायचा बंद झाला, कारण तो वळवणारा स्नायू त्याच हाडाला धरून असतो. अंगठा वळत नाही याचा अर्थ काय, तर चप्पल पायात राहत नाही. चालता चालता ती मागे राहायची आणि मी पुढे. तेव्हापासून मागे पट्टा असलेली सँडल. फिजिओथेरपिस्टनी जमिनीवर टॉवेल पसरून तो बोटांनी गोळा करायला लावला, टाचा उचलायला लावल्या, भिंतीला धरून एका पायावर उभं केलं. थंडीत पाऊल अजून ठणकतं.

वाहकाचं उभं राहणं हे साधं उभं राहणं नसतं. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्यात सुट्टे पैसे, आधाराला हात मोकळा नाही. कंबर सीटच्या कडेला टेकवायची आणि बाकीचं पायांवर सोडायचं. वळण आलं की भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर जातो, आणि माझं हाड गेलं ते नेमकं त्याच बाजूचं. हे मला कुठल्याही डॉक्टरनं सांगितलं नाही, त्यांचा दोष नाही, ते कधी घाटात तिकिटं काढायला उभे राहिलेले नसतात. सुट्टीत मी एकदा साधी प्रवासी म्हणून पाटणपर्यंत उभ्यानं गेले. तेव्हा कळलं की डावा पाय अर्ध्या सेकंदानं उशिरा सावरतो.

फिटनेससाठी गेले तर तपासणाऱ्या डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं, तीन बोटं आत जातात का बघितलं, नाव-गाव म्हणायला लावलं आणि पेन उचललं. मी म्हटलं, "सर, पाय?" त्यांनी कागद चाळले. "पायाचं इथं काय?" मी सलवार वर केली. मग मात्र त्यांनी पेन खाली ठेवून मला डाव्या पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगितलं. मी टेबल धरलं. त्यांनी काही महिने हलकं काम लिहून दिलं. ते महिने मी चौकशीच्या खिडकीत काढले. खिडकीला जाळी असल्यामुळे माझा चेहरा लोकांना नीट दिसत नव्हता, आणि माझं "प" त्यांना नीट ऐकू जात नव्हतं. "पाटण गाडी कितीला?" असं विचारणाऱ्याला मी बोटानं फलाट दाखवायचे.

आता लोकल फेऱ्या करते, कराड-पाटण, दिवसातून जाऊन-येऊन. बायकांना अर्धं तिकीट झाल्यामुळे २०२३पासून गाडीत त्यांची गर्दी वाढली आहे, त्यामुळे मिशरीचा प्रश्नही वाढला आहे. पूर्वी मी सगळं सांगत बसायचे. आता "हाडाची गाठ होती, कॅन्सर नव्हे" एवढं म्हणते आणि तिकीट हातात देते. एका म्हातारीनं विचारलं, "मग हाड कुठनं आणलं?" तिला मी पाय दाखवला. तिनं वाकून व्रणावरून हात फिरवला आणि मल्हारपेठ येईपर्यंत तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं की नाही यावर माझा सल्ला घेतला.

दरवर्षी एक्स-रे काढायचा आहे, ही गाठ दहा वर्षांनीही परत येऊ शकते म्हणून. पायाच्या हाडात दातांचे स्क्रू बसवून झाले आहेत, हाडानं ते धरले आहेत, वरचे दात व्हायचे आहेत. चिपळूणची लाइन मी अजून मागितलेली नाही. माझे पूर्वीचे ड्रायव्हर म्हणतात, मागा, वळणं मी सावकाश घेईन. पण पावसाळ्यात कुंभार्ली घाटात कुठंही गाडी मागं घ्यायची वेळ येते, तेव्हा ड्रायव्हर मागे बघत नाही, वाहकाच्या शिट्टीवर गाडी सोडतो. माझ्या बधिर ओठातून शिट्टी निसटते. डावीकडच्या दातात धरून वाजवायचा सराव डेपोच्या मागच्या बाजूला चालू आहे, आवाज अजून मनासारखा निघत नाही. पावसाळा संपला की अर्ज टाकीन.